तोसा : जेते, जित आणि जनाधिकार

जपानच्या इतिहासाशी आपल्याकडील सुशिक्षित वाचकाचा परिचय बहुधा दोन सनांपुरता असतो : १८६८ ची मेइजी राज्यक्रांती आणि १९०५ मधील रशियाचा पराभव. या दोन सनांमागे उभा असलेला जपान मात्र एकजिनसी नव्हता. सहासष्ट प्रांत आणि दोन बेटे अशी त्याची जुनी विभागणी होती, आणि प्रत्येक प्रांताला स्वतःची स्मृती होती, स्वतःचे जुने हिशेब होते. राजधानीतून पाहिलेला इतिहास आणि प्रांतातून पाहिलेला इतिहास यांत किती अंतर पडते, हे पाहावयाचे असेल तर शिकोकु बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील तोसा हा प्रांत अभ्यासकाने अवश्य निवडावा. हाच आजचा कोची प्रांत होय.

तोसाविषयी एक कथा फार लोकप्रिय आहे. इ. स. १६०० मध्ये या प्रांतात बाहेरचा राजा आला. जुन्या राजाचे सैनिक खालच्या पायरीवर ढकलले गेले. त्यांच्या वंशजांनी अडीच शतके अपमान सोसला आणि १८६७ मध्ये शोगुनाची सत्ता उलथवून त्याचा सूड उगविला. कथा आकर्षक आहे, आणि सर्वस्वी खोटी आहे असेही नाही. परंतु इतिहास इतका सरळ क्वचितच असतो. तोसात या कथेचे काय उरते आणि काय गळून पडते, ते येथे पाहावयाचे आहे.

शिकोकु म्हणजे ‘चार देश’. कोजिकी या ७१२ मधील प्राचीन ग्रंथात या बेटाला एक देह आणि चार मुखे असल्याचे वर्णन आहे; त्यांतील एक मुख तोसा. उत्तरेस डोंगरांची अखंड भिंत, दक्षिणेस प्रशांत महासागर, आणि त्या दोहोंमध्ये शेतीयोग्य जमिनीची अरुंद पट्टी, अशी याची रचना. पाऊस विपुल, वादळे नित्याची, आणि भूकंप तर या भूमीच्या पाचवीला पुजलेला. ६८४ मध्ये झालेल्या भूकंपात तोसाची पाच लाखांहून अधिक ‘शिरो’ शेतजमीन समुद्रात बुडाल्याची नोंद निहोन शोकी या राजकीय बखरीत आहे. ‘शिरो’ हे जमिनीचे जुने माप. आजच्या हिशेबाने हे क्षेत्र बारा चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते. पुढे १७०७, १८५४ आणि १९४६ या वर्षीही हा किनारा असाच हादरला. डोंगरांमुळे जमिनीवरून येणे कठीण, समुद्रातून येणे जिवावरचे. म्हणून राजदरबाराने या प्रांताचा एक उपयोग शोधून काढला. ७२४ मध्ये हद्दपारीची दूरतम स्थळे ठरविण्यात आली, त्यांत तोसाचे नाव आले. पदच्युत राजपुत्र, पराभूत सरदार आणि नकोसे धर्मोपदेशक यांना ज्या दिशेस पाठवावयाचे, त्या दिशेचे हे नाव झाले.

या प्रांताचे नाव जपानी वाङ्मयात अमर झाले तेही तेथून निघून जाणाऱ्या माणसामुळे. की नो त्सुरायुकी हा दरबारातील ख्यातनाम कवी. दहाव्या शतकाच्या आरंभी सम्राटाच्या आज्ञेने तयार झालेल्या कोकिन्शू या काव्यसंग्रहाच्या संपादकांत तो प्रमुख होता. ९३० मध्ये तो तोसाचा सुभेदार म्हणून गेला, आणि मुदत संपल्यावर ९३५ च्या आरंभी क्योतोला परत निघाला. पंचावन्न दिवसांचा हा प्रवास त्याने तोसा निक्की, म्हणजे तोसाची रोजनिशी, या नावाने लिहिला. त्या काळी पुरुषाने रोजनिशी लिहावयाची ती चिनी भाषेत. त्सुरायुकीने ती जपानी भाषेत, काना लिपीत लिहिली, आणि त्यासाठी निवेदक म्हणून एका स्त्रीची भूमिका घेतली. कारण मायभाषेत लिहिण्याची मोकळीक त्या समाजात स्त्रियांना होती, सुभेदाराला नव्हती. संस्कृतच्या छायेत वाढलेल्या भाषांच्या अभ्यासकाला या युक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको. आज उपलब्ध असलेल्या जपानी वाङ्मयीन रोजनिश्यांत हीच सर्वांत जुनी आहे.

या पुस्तकात घटना अशा थोड्याच. वारा पडतो, नाव थांबते. चाचे मागे लागतील म्हणून भीती वाटते. पुन्हा वारा पडतो. या कंटाळवाण्या थांबण्यातून एकच दुःख पुनःपुन्हा वर येते : क्योतोहून बरोबर नेलेली लहान मुलगी तोसातच वारली, आणि आता तिच्याशिवाय परत जावयाचे आहे. पुस्तकाच्या शेवटी राजधानीतील घराच्या ओसाड अंगणात उगवलेली कोवळी पाइनची रोपे दिसतात, तेथेही हेच दुःख. एवढे कोमल पुस्तक. परंतु तोसाच्या दृष्टीने वाचले तर एक गोष्ट खटकते. त्यात तोसाचे लोक दिसतात ते केवळ निरोप देणारी मंडळी म्हणून. ते मद्य आणतात, भेटी आणतात, किनाऱ्यावर उभे राहतात आणि मागे राहतात. प्रांताचे नाव धारण करणाऱ्या पहिल्या श्रेष्ठ ग्रंथात प्रांताला स्वतःचा आवाज नाही.

मधली पाच शतके आपण झपाट्याने ओलांडू. १४६७ मध्ये क्योतोत ओनिनचे युद्ध पेटले आणि राजधानी बेचिराख झाली. दुसऱ्याच वर्षी इचिजो नोरिफुसा हा सम्राटाचा माजी प्रधान आपल्या वतनावर, तोसाच्या पश्चिम टोकाला नाकामुरा येथे, येऊन राहिला, आणि हद्दपारीच्या या भूमीत राजधानीची एक लहानशी प्रतिकृती उभी राहिली. तथापि त्या युगात कुलीनतेपेक्षा भाल्याला किंमत अधिक होती. मध्य तोसातील चोसोकाबे घराण्याचा मोतोचिका (१५३९–१५९९) याने शेजारी सरदारांना एकामागून एक नमविले, १५७४ मध्ये इचिजोंना हुसकावले, १५७५ मध्ये सारा तोसा हाताखाली आणला आणि पुढील दहा वर्षांत शिकोकुचा बहुतेक भाग जिंकला. १५८५ मध्ये हिदेयोशीची प्रचंड फौज उतरली तेव्हा त्याला शरण जावे लागले. जिंकलेले तीन प्रांत गेले, तोसा तेवढा राहिला.

मोतोचिकाचे बळ त्याच्या ‘इचिर्यो गुसोकु’ सैनिकांत होते. या शब्दाचा अर्थ ‘एक संच चिलखत’. ज्याच्यापाशी एकच चिलखत आहे, बदलावयास दुसरे नाही, असा हा शेतकरी-शिपाई. बांधावर भाला रोवून तो चिखलात लावणी करी आणि हाक आली की अवजार टाकून तसाच धावे, असे त्याचे वर्णन केले जाते. शरणागतीनंतर मोतोचिकाने १५८७ पासून प्रांतभर जमीनमोजणी केली. तिच्या ३६८ वह्या आजही शिल्लक आहेत. त्यांत शेताचे नाव, क्षेत्र, प्रत आणि धारकाचे नाव अशी नोंद शेतागणिक आहे. वाङ्मय म्हणून या वह्या कोणी वाचणार नाही. परंतु रोजनिशीत जे लोक किनाऱ्यावर बिननावाचे उभे होते, त्यांच्या वंशजांची नावे येथे प्रथमच रांगेने लिहिलेली सापडतात. सारा वसूल करण्यासाठी का होईना, त्यांची दखल घेतली गेली.

याच सुमारास घडलेली एक घटना मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. १५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत वादळात मोडून तोसाच्या उरादो बंदराशी रुतले. त्यातील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्याने जप्त केला. त्यावरून झालेल्या वादात जहाजावरील सुकाणूदार काही बरळला, ‘आमचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो आणि मागाहून सैन्य’ अशा अर्थाचे, असे म्हणतात. तो खरोखर काय बोलला याविषयी स्वतः ख्रिस्ती संप्रदायांतच मतभेद होते. धर्मोपदेशकांविरुद्ध हिदेयोशीचा हुकूम १५८७ चाच होता. तो आता अमलात आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन बंधू होता. त्याचा जन्म आपल्या वसईचा. पिता पोर्तुगीज, माता वसईकडील. जपानी भाषा त्याला उत्तम येत असल्यामुळे स्पॅनिश धर्मोपदेशकांचा तो दुभाषी होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. वसईत त्याचे नाव आदराने घेतले जाते, पण त्याच्या मृत्यूच्या कारणपरंपरेतील एक दुवा तोसाच्या किनाऱ्यावरील मोडक्या गलबतात आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आता १६००. सेकिगाहाराच्या रणात जपानचे भवितव्य ठरले. मोतोचिकाचा पुत्र मोरिचिका पराभूत पक्षात होता. त्याचे सैन्य डोंगरावर उभे राहिले आणि लढाई न करताच माघारी फिरले. न लढलेल्या लढाईत त्याचा प्रांत गेला. (हा मोरिचिका पुढे क्योतोत मुलांना शिकवून पोट भरीत होता अशी परंपरा आहे. १६१५ मध्ये ओसाकाच्या पाडावानंतर त्याचा शिरच्छेद झाला.) तोसा मिळाला यामाउची काझुतोयो याला. तो काकेगावा येथील लहान सरदार; आता एकदम दोन लाखांहून अधिक कोकुंच्या प्रांताचा धनी झाला. कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, आणि सरदाराची ऐपत त्या मापाने मोजीत. इचिर्यो गुसोकुंनी उरादोचा किल्ला सोडण्यास नकार दिला. तो उठाव मोडल्यावर २७३ मुंडकी ओसाकाला पाठविण्यात आली.

नव्या राजाने कोची येथे किल्ला बांधला आणि बरोबर आणलेल्या माणसांना वरच्या जागा दिल्या. अशा रीतीने तोसात सामुराईंचे दोन थर झाले : वरचे ‘जोशी’, खालचे ‘काशी’. असे थर जपानात इतरत्रही होते. परंतु येथे ती रेघ जेत्या आणि जितांमधून ओढली गेली होती. निवास, पोशाख, पायताण, रस्त्यात समोर आल्यावर करावयाचा नमस्कार या सर्वांत तो भेद दिसे.

मात्र केवळ दडपून राज्य चालत नाही, हे यामाउचींच्या एका कारभाऱ्याने ओळखले. नोनाका केन्झान (१६१५–१६६४) हा कडक शिस्तीचा, कन्फ्यूशियसच्या तत्त्वज्ञानात मुरलेला पुरुष. त्याने मोनोबे नदीवर यामादाचा बंधारा घातला, कालवे काढले, आणि मुरोतोच्या खडकाळ टोकाशी खडक फोडून बंदर केले. हे पाणी ज्या पडीक माळावर जाणार, तो कसावयाचा कोणी? १६४४ पासून केन्झानने चोसोकाबेंच्या जुन्या माणसांना बोलाविले : तीन चो, म्हणजे सुमारे तीन हेक्टर, जमीन नव्याने लागवडीस आणा आणि ‘गोशी’, म्हणजे ग्रामीण सामुराई, ही पदवी घ्या. यात असंतोषाला काम मिळाले, माळाला शेतकरी मिळाला आणि राज्याला धान्य मिळाले. राजनीतीचा असा नमुना विरळा. आणि तरीही तीत पाणी मुरत होते. गोशी सामुराई झाला, पण रेघेच्या खालचाच राहिला. रेघ पुसली गेली नाही. उलट तिला कायदेशीर रूप आले.

केन्झानच्या कामांसाठी वेठीला जुंपलेली रयत गांजली, त्याच्या मक्तेदारीने व्यापारी चिडले, आणि १६६३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी त्याला पदच्युत केले. काही महिन्यांत तो वारला. पण त्याच्या शत्रूंचे समाधान झाले नव्हते. त्याच्या कुटुंबाला सुकुमो येथे एका कुंपणात कोंडण्यात आले. पुरुषवंश संपेपर्यंत कोणी बाहेर पडावयाचे नाही, असा हुकूम होता. त्याची मुलगी एन चार वर्षांची असताना आत गेली. भाऊ एकामागून एक मेले. १७०३ मध्ये शेवटचा भाऊ गेल्यावर स्त्रियांची सुटका झाली, तेव्हा एनने चाळिशी ओलांडली होती. कोंडवाड्यात असताना तिने तानी जिन्झान या पंडिताशी पत्रव्यवहार ठेवला होता; बाहेर आल्यावर ती वैद्यकी करू लागली, वृद्ध आईला तिने सांभाळले, आणि आपल्या घराण्यासाठी एक लहान देऊळ बांधले. तोसाच्याच ओहारा तोमिए या लेखिकेने १९६० मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. केन्झानचे कालवे शेतांना पाणी देत होते त्या चाळीस वर्षांत त्याची मुलगी कुंपणाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हती. कर्तबगार राज्यकर्त्यांची चरित्रे लिहिताना असली पाने सहसा गाळली जातात.

येथे त्या लोकप्रिय कथेकडे परत येऊ. अठराव्या शतकात गोशीपद हे विकण्या-विकत घेण्याची वस्तू झाले. गरीब गोशी आपली पदवी विकी, श्रीमंत व्यापारी ती घेई. क्रांतीचा लाडका नायक साकामोतो र्योमा (१८३६–१८६७) याचे घराणे मूळचे मद्य गाळणारे आणि सावकारी करणारे. त्या धनाच्या बळावर ते गोशी झाले. तेव्हा र्योमाच्या धमन्यांत इचिर्यो गुसोकुचे रक्त शोधणे व्यर्थ आहे. उलट मित्सुबिशीचा संस्थापक इवासाकी यातारो (१८३५–१८८५) याच्या पूर्वजांनी गोशीपद विकले होते, आणि तो त्याहूनही खालच्या दर्जात जन्मला. म्हणजे १८६० पर्यंत खालच्या थरातील माणसे बरीच बदलली होती. अबाधित राहिली ती रेघ. जो कोणी तिच्याखाली येई, मग तो जुन्या शिपायाचा वंशज असो की सावकाराचा नातू, त्याच्या वाट्याला तोच नमस्कार आणि तोच अपमान येई. वैर वंशपरंपरेने आले असे म्हणण्यापेक्षा, ती व्यवस्था प्रत्येक पिढीत ते नव्याने निर्माण करी, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

याचा पुरावा १८६१ मध्ये मिळतो. त्या वसंतात कोचीच्या इगुची भागात एका वरच्या सामुराईने खालच्या थरातील तरुणास ठार केले. मृताच्या भावाने मारेकऱ्यास मारले. आणि शेवटी खालच्याच दोघांना आत्महत्या करावी लागली. त्याच वर्षी ताकेची हानपेइताने सम्राटनिष्ठांचा पक्ष काढला. त्याच्या शपथपत्रावर १९२ नावे होती, आणि ती बहुतांशी गोशी व गावमुखिये यांची होती. १८६२ मध्ये या पक्षाने योशिदा तोयो या सुधारक कारभाऱ्याचा खून केला. १८६५ मध्ये ताकेचीला देहदंड झाला. त्याचा दर्जा काहीसा वरचा म्हणून त्याला स्वहस्ते पोट चिरण्याचा मान मिळाला. त्याच दिवशी त्याचा अनुयायी ओकादा इझो याचे मुंडके उडवून ते लोकांसमोर ठेवण्यात आले. मरणाच्या दारातही रेघ शाबूत होती.

र्योमा १८६२ मध्येच प्रांत सोडून पळाला होता. १८६६ मध्ये सात्सुमा आणि चोशू या हाडवैऱ्यांची युती घडविण्यात त्याचा आणि तोसाच्याच नाकाओका शिन्तारोचा मोठा हात होता. परंतु १८६७ च्या शरद ऋतूत शोगुनाने सत्ता सम्राटाला परत करावी, हा अर्ज केला तो तोसाचा राजा यामाउची योदो याने, आणि तो घेऊन गेला तो वरच्या थरातील गोतो शोजिरो. शोगुनाने नोव्हेंबरात अर्ज मानला. महिनाभरात र्योमा आणि नाकाओका यांचा क्योतोत खून झाला. सूडाची कथा येथे दुसऱ्यांदा लंगडी पडते : ज्या घराण्याला १६०० च्या विजयाने तोसा मिळाला, त्याच घराण्याने त्या विजयातून जन्मलेल्या शोगुनशाहीला पायउतार होण्याची विनंती केली.

क्रांतीनंतरचा प्रकार तर अधिकच विलक्षण. इतागाकी ताइसुके हा वरच्या थरातला. १८६८ मध्ये आइझुवर चढाई करताना त्याने पाहिले की, तेथील सामुराई मरत होते आणि सामान्य प्रजा पाठ फिरवून निघून जात होती. ज्यांना राज्यात वाटा नाही ते राज्यासाठी कशाला मरतील, असे आपल्या मनात आले, असे त्याने पुढे सांगितले. आठवणी मागाहून सोयीने रचल्या जातात हे खरे. पण १८७३ मध्ये तो मंत्रिपद सोडून बाहेर पडला, १८७४ मध्ये लोकनियुक्त सभेची मागणी करणाऱ्या अर्जावर त्याने सही केली, आणि त्याच वर्षी कोचीत ‘रिश्शिशा’ ही संस्था निघाली, हे निर्विवाद आहे. तीतून जनाधिकाराची चळवळ देशभर पसरली. १८८१ मध्ये उएकी एमोरी या तरुणाने २२० कलमांचा घटनेचा मसुदा लिहिला. जुलमी सरकारविरुद्ध शस्त्र उचलण्याचा प्रजेचा अधिकार त्यात स्पष्ट नमूद आहे. १८८९ मध्ये जी घटना प्रत्यक्षात आली तीत अर्थातच यातले काही नव्हते.

याच प्रांतातील नाकाए चोमिन हा पायदळातील हलक्या शिपायाचा मुलगा. त्याने १८८२ मध्ये रूसोच्या सामाजिक कराराचा अनुवाद केला, तो अभिजात चिनी भाषेत. त्सुरायुकीने साडेनऊशे वर्षांपूर्वी जी भाषा बाजूस सारली, तीच चोमिनने जवळ केली. कारण रूसोला सुशिक्षितांच्या गंभीर चर्चेत स्थान मिळवून द्यावयाचे तर तेव्हा तीच भाषा वजनदार होती. एकाच प्रांताच्या नावाशी जोडलेले हे दोन निर्णय साहित्याच्या अभ्यासकाने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

इवासाकीविषयी एकच नोंद करतो. त्याच्या नौकाव्यवसायातून १८८५ मध्ये निप्पोन यूसेन ही कंपनी निघाली आणि १८९३ मध्ये तिने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई-जपान जहाजफेरी सुरू केली. मुंबईचा कापूस त्या जहाजांतून जाऊ लागला.

आता एका स्त्रीचा उल्लेख करावयाचा राहिला. कुसुनोसे किता ही कोची शहरातील विधवा, घराची कर्ती. १८७८ मध्ये ती प्रभागसभेच्या निवडणुकीत मत देण्यास गेली. स्त्री आहे म्हणून तिला मत नाकारले. तिने कर भरणे थांबविले. अधिकाऱ्यांनी थकबाकी मागितली तेव्हा तिने लेखी अर्ज दिला : कर्त्या पुरुषाइतकाच कर माझ्याकडून घेता, तर त्याच्याइतकाच अधिकारही मला असला पाहिजे, अधिकार नसेल तर कराचे कर्तव्यही नाही. प्रांताधिकाऱ्याने मानले नाही, तेव्हा तिने वरच्या सरकारकडे दाद मागितली. १८८० मध्ये कोचीतील कामिमाची आणि शेजारचे कोदाकासा येथे घराच्या कर्त्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. चार वर्षांनी, १८८४ मध्ये, मध्यवर्ती सरकारने नियम बदलून तो काढून घेतला. किता १९२० मध्ये वारली. जपानच्या स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिले मत टाकले ते १० एप्रिल १९४६ रोजी; आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तोसाचा किनारा पुन्हा एकदा भूकंपाने खचला.